स्तनांची घनता, घरची परिस्थिती आणि कर्करोग: नातं नेमकं कसं आहे?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे. ती करणाऱ्या अमेरिकेतल्या प्रत्येक केंद्राला १० सप्टेंबर २०२४ पासून एक गोष्ट बंधनकारक झाली आहे: तपासणीला आलेल्या स्त्रीला तिच्या स्तनांची घनता लेखी कळवायची. काही राज्यांमध्ये असे कायदे आधीपासून होते, आता हा नियम देशभर लागू झाला.

या नियमामागे नॅन्सी कपेलो या बाईंची धडपड आहे. त्या कनेक्टिकट राज्यातल्या, उच्चशिक्षित, दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करून घेणाऱ्या. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, २००४ साली, डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली. तोवर कर्करोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला होता. त्यांचे स्तन दाट आहेत आणि दाट स्तनांमध्ये मॅमोग्राफीला गाठ चुकू शकते, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये कनेक्टिकटने घनता कळवण्याचा कायदा केला. अमेरिकेतला तो पहिलाच. २०१८ मध्ये नॅन्सी गेल्या.

या विषयाभोवती एक कोडं आहे. ज्या बायका जास्त शिकलेल्या आणि खाऊनपिऊन सुखी, त्यांचे स्तन मॅमोग्राफीत सरासरीने जास्त दाट दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाणही जास्त असतं. पण हा कर्करोग झालेल्या बायकांपैकी किती मरतात, हे पाहिलं की चित्र उलटं होतं. तिथे गरिबी जास्त जीव घेते. मग धोका नक्की कुणाला? हे समजून घ्यायचं तर सुरुवात शरीरापासून करायला हवी.

घनता म्हणजे काय?

स्तनात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दुधाच्या नलिका आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू. दुसरी, चरबी. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. पांढरा भाग किती आणि काळा किती, यावरून घनता ठरते.

घनता हाताला कळत नाही. स्तन घट्ट लागले म्हणजे दाट आणि सैल लागले म्हणजे विरळ, असं समीकरण नाही. लहान-मोठ्या आकारावरूनही ते सांगता येत नाही. ते फक्त फोटोत दिसतं.

रिपोर्टमध्ये घनतेचे चार गट असतात. 'ए' म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. 'बी' म्हणजे अधूनमधून ग्रंथींचा भाग. 'सी' म्हणजे बऱ्यापैकी दाट आणि 'डी' म्हणजे अतिदाट. 'सी' आणि 'डी' मिळून 'दाट स्तन'. अमेरिकेत मॅमोग्राफी करणाऱ्या बायकांपैकी साधारण १० टक्के 'ए' गटात, १० टक्के 'डी' गटात आणि उरलेल्या मधल्या दोन गटांत जवळपास निम्म्या-निम्म्या येतात. म्हणजे निम्म्या बायकांचे स्तन दाट असतात. इतक्या बायकांमध्ये जे आढळतं त्याला आजार म्हणता येणार नाही. रिपोर्टवर 'सी' लिहिलेलं दिसलं म्हणून रात्रीची झोप उडू देऊ नका.

मग दाट असण्यात अडचण काय?

अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो.

पहिली अडचण दिसण्याची. कर्करोगाची गाठही मॅमोग्राफीत पांढरीच दिसते. पांढऱ्यात पांढरं शोधणं म्हणजे धुक्यात उभा असलेला बगळा शोधण्यासारखं आहे. बगळा असतो, पण डोळ्यांना तो वेगळा काढता येत नाही. चरबी जास्त असलेल्या स्तनांत मॅमोग्राफी १०० पैकी सुमारे ८५ ते ९० कर्करोग पकडते. अतिदाट स्तनांत हेच प्रमाण ६० ते ६५ पर्यंत उतरतं.

दुसरी अडचण प्रत्यक्ष धोक्याची. दाट स्तनांत कर्करोग लपतो एवढंच नाही, तो होण्याची शक्यताही थोडी जास्त असते. डेट्रॉइटचे रेडिओलॉजिस्ट जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये मॅमोग्राफीतली ठेवण आणि कर्करोगाचा धोका यांचा संबंध मांडला. सुरुवातीला अनेकांनी शंका घेतली. दाट स्तनांत गाठी आधी दिसत नाहीत आणि पुढे उघड होतात, म्हणून धोका जास्त वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पुढच्या तीन दशकांत बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास झाले आणि धोका खरोखरच असल्याचं स्पष्ट झालं. २००६ मध्ये अशा अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली गेली. जवळजवळ अजिबात घनता नसलेल्या बायकांच्या तुलनेत ७५ टक्क्यांहून जास्त घनता असलेल्या बायकांना चारपटीहून अधिक धोका, असा निष्कर्ष निघाला.

'चारपट' हा आकडा बातम्यांमध्ये फार फिरतो, म्हणून त्याबद्दल एक खुलासा. ही तुलना दोन टोकांची आहे. टोकांवर बायका थोड्याच असतात. सर्वसाधारण घनतेच्या बाईशी तुलना केली तर अतिदाट स्तन असलेल्या बाईचा धोका साधारण दुप्पट येतो आणि 'सी' गटातल्या बाईचा त्याहून बराच कमी वाढतो.

घनता ठरवतं कोण?

मोठा वाटा आनुवंशिकतेचा. जुळ्या बहिणींवरच्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, वय आणि इतर माहीत असलेली कारणं बाजूला काढल्यावर बायका-बायकांमधल्या घनतेच्या फरकापैकी सुमारे ६० टक्के वाटा जनुकांचा निघाला. आई किंवा बहिणीचे स्तन दाट असतील तर तुमचेही असण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

उरलेला वाटा आयुष्याचा. वय वाढतं तशी घनता कमी होते, पाळी गेल्यावर आणखी घटते. प्रत्येक बाळंतपणानंतर ती थोडी उतरते. वजन वाढलं की चरबीचा भाग वाढतो, त्यामुळे टक्केवारीत घनता कमी दिसते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या हार्मोनच्या एकत्र गोळ्या घेतल्या तर घनता वाढते. स्तनांच्या कर्करोगावर दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन हे औषध ती कमी करतं.

ही यादी पुन्हा एकदा पाहा. मुलं किती, कधी झाली, वजन किती, पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या का. यातली प्रत्येक गोष्ट शिक्षण, उत्पन्न आणि परिस्थितीप्रमाणे बदलते. पैसा या चित्रात इथून शिरतो.

परिस्थितीचा शरीराशी संबंध कसा लागतो?

संशोधक 'सामाजिक-आर्थिक स्तर' असा शब्द वापरतात. उत्पन्न, शिक्षण, कामाचं स्वरूप आणि कुठल्या वस्तीत राहता या सगळ्यांचं ते मिश्रण. पुढे मी त्याला नुसतं 'परिस्थिती' म्हणेन.

मुलीला शिकायला मिळालं की लग्न उशिरा होतं, पहिलं मूल उशिरा होतं आणि मुलं कमी होतात. पहिलं बाळंतपण विशीच्या आत झालेल्या बाईच्या तुलनेत ते तिशीनंतर झालेल्या बाईला स्तनांच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात स्तनातल्या पेशी पूर्ण पक्व होतात आणि अशा पेशींत बिघाड होण्याची शक्यता कमी असते, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती २००२ मध्ये एकत्र केली गेली. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं.

ही जाण तशी जुनी आहे. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं की मठांत राहणाऱ्या, लग्न न करणाऱ्या जोगिणींना (नन) स्तनांचा कर्करोग जास्त होतो. १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या शेकडो बायकांची पद्धतशीर तुलना केली. मूल नसणं, पहिलं मूल उशिरा होणं, अंगावर न पाजणं या गोष्टी धोक्याशी जोडलेल्या आहेत हे त्यांनी दाखवलं. आज जगभर वापरली जाणारी अभ्यासाची ही पद्धत त्यांच्या त्या कामातून पुढे आली. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मुलींची लग्नं लवकर करा, पोरं लवकर होऊ द्या, असा याचा अर्थ कुणी काढू नये. लवकरच्या आणि वारंवारच्या बाळंतपणांनी बायकांचे जीव जातात, शिक्षण तुटतं. एका आजाराचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून मुलीच्या आयुष्याची वाट लावणं हा शहाणपणा नाही.

दुसरा धागा लहानपणाचा. चांगलं खायला मिळालेल्या मुली उंच होतात आणि त्यांना पाळी लवकर येते. एकोणिसाव्या शतकात युरोपात मुलींना पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी यायची, आता ती तेराव्या वर्षाच्या आसपास येते. पाळी लवकर आली की स्तनांवर हार्मोनचा परिणाम जास्त वर्षं होत राहतो. उंचीचाही धोक्याशी संबंध आहे. म्हणजे पन्नाशीतल्या बाईच्या मॅमोग्राफीत जे दिसतं, त्याचा काही भाग ती दहा वर्षांची असताना ताटात काय होतं याच्याशी जोडलेला असतो.

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांवरच्या अभ्यासांनीही हेच दाखवलं. जपान, चीनमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत पिढीगणिक स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढत गेलं. जनुकं दोन-तीन पिढ्यांत बदलत नाहीत, राहणीमान बदलतं.

हार्मोनच्या गोळ्यांची गोष्ट

परिस्थिती आणि धोका यांचं नातं सगळ्यात स्वच्छ दिसलं ते इथे.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पाळी गेलेल्या लाखो बायका हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या. अंगातून वाफा येणं, घाम सुटणं थांबावं म्हणून काही जणी घ्यायच्या. हृदयविकार टळेल, तारुण्य टिकेल, असा समजही पसरला होता. या गोळ्या डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या, विमा असलेल्या, शिकलेल्या बायका जास्त घेत. गरीब बायकांपर्यंत त्या तेवढ्या पोचल्याच नव्हत्या.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांची तुलना औषध नसलेली, नुसती रिकामी गोळी घेणाऱ्यांशी करणारा मोठा प्रयोग तेव्हा सुरू होता. त्यात १६,६०८ बायका होत्या. जुलै २००२ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त आढळला. दहा हजार बायकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर आठ जास्तीचे कर्करोग, असा त्याचा हिशेब. एकेका बाईपुरता हा आकडा छोटा आहे, लाखोंच्या हिशेबात मोठा.

बातमी फुटली आणि गोळ्यांचा खप झपाट्याने खाली आला. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगाचं नवं निदान जवळपास ७ टक्क्यांनी घटलं. ज्या उपचाराने घनता वाढत होती, तो बंद झाला आणि कर्करोगाचं प्रमाणही खाली आलं. सुखवस्तू बायकांच्या जादा धोक्यातला एक वाटा त्यांच्या औषधाच्या कपाटातून आलेला होता.

कुणी आज डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधं घेत असेल तर हे वाचून ती परस्पर बंद करू नये. त्रास किती, किती वर्षं घ्यायची, घरात कर्करोगाचा इतिहास आहे का, हे पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवायची ती गोष्ट आहे.

"वजन जास्त असेल तर घनता कमी. मग वजन वाढलेलं बरं का?"

नाही. हा या विषयातला सगळ्यात फसवा कोपरा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

घनता टक्क्यांत मोजतात. वजन वाढलं की स्तनातली चरबी वाढते, पण ग्रंथींचा भाग तेवढाच राहतो. एकूण वाढलं आणि पांढरा भाग तितकाच राहिला, तर टक्का खाली येतो. म्हणजे टक्का उतरला तरी कर्करोग ज्यात सुरू होतो ते ग्रंथींचं ऊतक कमी झालेलं नसतं.

शिवाय पाळी गेल्यानंतर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतं आणि हे काम शरीरातली चरबी करू लागते. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि त्यामुळे पाळी गेल्यानंतरच्या कर्करोगाचा धोकाही जास्त. घनता आणि लठ्ठपणा ही धोक्याची दोन वेगळी कारणं आहेत. एक वाढलं की दुसरं कमी दिसतं, त्यामुळे ती एकमेकांना झाकतात. वजनाचा हिशेब न धरता केलेला घनतेचा अभ्यास म्हणूनच अपुरा ठरतो.

परिस्थितीचा प्रश्न इथेच गुंतागुंतीचा होतो. श्रीमंत देशांत लठ्ठपणा गरीब बायकांमध्ये जास्त असतो. स्वस्त अन्न तिथे कॅलरींनी भरलेलं असतं आणि व्यायामाला वेळ किंवा जागा नसते. त्यामुळे तिथे गरीब बायकांचे स्तन टक्केवारीत कमी दाट दिसतात आणि सुखवस्तू बायकांचे जास्त. गरीब देशांत वजन आधी सुखवस्तू घरांत वाढतं, म्हणून तिथे हे गणित वेगळं निघू शकतं. 'परिस्थिती चांगली म्हणजे घनता जास्त' हा निसर्गाचा नियम नाही. तो विशिष्ट समाजांत, विशिष्ट काळात दिसलेला कल आहे. संशोधक जेव्हा वजन, मुलांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचं वय आणि हार्मोनच्या गोळ्या हिशेबात धरतात, तेव्हा परिस्थिती आणि घनता यांच्यातला संबंध बराच फिका पडतो. काही अभ्यासांत थोडा उरतो, काहींत उरतच नाही. पैसा स्वतः स्तन दाट करत नाही. पैशामुळे आयुष्याला जे वळण लागतं, ते शरीरावर उमटतं.

"म्हणजे हा श्रीमंतांचा आजार आहे ना?"

हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. ते अर्धं खरं आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात माणसं मरतात.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी पाहा. मानवी विकास निर्देशांकात, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांची प्रगती मोजणाऱ्या यादीत, अगदी वर असलेल्या देशांत १२ पैकी एका स्त्रीला आयुष्यात कधीतरी स्तनांच्या कर्करोगाचं निदान होतं आणि ७१ पैकी एक त्याने मरते. तळाच्या देशांत २७ पैकी एकीला निदान होतं, पण ४८ पैकी एक मरते. ढोबळ हिशेब केला तर वरच्या देशांत निदान झालेल्या सहा जणींमागे एक मृत्यू, तळाच्या देशांत निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आणि मरण्याचं प्रमाण जास्त, हे एकाच आजाराबद्दलचं चित्र आहे.

'होण्याचं' प्रमाणही पूर्ण खरं मानू नका. जिथे तपासण्या नियमित होतात तिथे अगदी बारीक, कदाचित कधीच त्रास न देणारे कर्करोगही सापडतात आणि आकडा फुगतो. जिथे तपासण्याच नाहीत तिथे कित्येक बायका निदानाशिवायच जातात आणि कुठल्याही नोंदवहीत येत नाहीत.

एकाच देशातही हे दिसतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. काही प्रमाणात हे जैविक आहे, कारण हार्मोन रोखणाऱ्या उपचारांना दाद न देणारा एक प्रकार त्यांच्यात जास्त आढळतो. पण निदानाला होणारा उशीर, विमा नसणं, अर्धवट सुटलेले उपचार यांचाही मोठा वाटा आहे.

गरिबी इथे एकदम वार करत नाही, टप्प्याटप्प्याने वेळ खाते. गाठ लागली तरी रोजगार बुडेल म्हणून दवाखान्यात जाणं पुढे ढकललं जातं. मग सोनोग्राफीसाठी वेगळीकडे, बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्यासाठी, आणखी कुठे. रिपोर्ट यायला आठवडे जातात. केमोथेरपी सुरू झाली तर दोन-तीन फेऱ्यांनंतर पैसे संपतात. यातला कुठलाच टप्पा मॅमोग्राफीच्या फोटोत दिसत नाही.

"माझी घनता कमी आली. मी सुटले?"

घनता कमी असेल तर मॅमोग्राफी जास्त भरवशाची असते, ही चांगली गोष्ट. पण कमी घनतेच्या स्तनांतही कर्करोग होतो. वय, घरातला इतिहास, बीआरसीए या, स्तनांच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांतला बिघाड, वजन आणि दारू यांचा धोका घनतेवर अवलंबून नसतो. घनता हा अनेक घटकांतला एक घटक आहे, तो निकाल नाही.

"घनता कळवल्याने सगळ्यांनाच फायदा होईल ना?"

कळणं हा हक्क आहे आणि नॅन्सी कपेलो यांनी तो मिळवून दिला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण कळल्यावर पुढे काय, हा प्रश्न परिस्थितीशीच येऊन थांबतो.

अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांत आधी पाठवल्या जाणाऱ्या पत्रांची भाषा तपासली गेली, तेव्हा बहुतेक पत्रं सामान्य वाचकाला झेपतील त्याहून अवघड निघाली. शिक्षण कमी असलेल्या बाईच्या हातात असं पत्र पडलं तर एक तर तिला काहीच कळत नाही, नाहीतर आपल्याला कर्करोग झालाय असं वाटून ती हादरते. शब्द सोपे ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे असं मी मानते.

दुसरं, पुढच्या तपासण्यांचं. नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तन असलेल्या आणि मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या बायकांपैकी काहींना एमआरआयसाठी बोलावलं गेलं. एकूण ४०,३७३ बायकांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उघड होणारे कर्करोग एमआरआयला बोलावलेल्या गटात हजारी २.५ होते, फक्त मॅमोग्राफी झालेल्या गटात हजारी ५. जपानमध्ये चाळिशीतल्या बायकांवर मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी करून पाहिली, तेव्हा १०० पैकी ७७ ऐवजी ९१ कर्करोग पकडले गेले.

मात्र या जास्तीच्या तपासण्यांमध्ये खोट्या धोक्याच्या घंटाही वाजतात, नको असलेल्या बायोप्सी होतात. मृत्यू किती टळतात हे ठरवण्याइतका पुरावा अजून नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारी समितीने एप्रिल २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या बायकांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी असं सांगितलं, पण दाट स्तनांसाठी सरसकट एमआरआय किंवा सोनोग्राफीची शिफारस केली नाही. परवडणारी बाई एमआरआय करून घेते आणि न परवडणारी पत्र घडी करून ठेवते. सूचना दोघींना सारखीच मिळते, उपयोग सारखा होत नाही.

जिथे मॅमोग्राफीच नाही तिथे काय?

घनतेच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो, तो पडू नये. मॅमोग्राफी आवाक्यातच नसेल तर घनता कळण्याचाही प्रश्न येत नाही. पण गाठ वेळेत पकडण्याचा तो एकमेव मार्ग नाही.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांच्या मागोव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे बऱ्याच पुढे गेलेल्या टप्प्यात सापडलेल्या कर्करोगांचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंमधली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी ठरली नाही. पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नाही, फक्त शिकवलेले हात आणि ठरलेल्या वेळी येणारी बाई.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी मोहीम आखली, तिचे आकडेही याच दिशेचे आहेत. किमान ६० टक्के कर्करोग पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, बाई डॉक्टरकडे पोचल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत व्हावेत. यात घनतेचा उल्लेख नाही. मला तो क्रम बरोबर वाटतो. आधी गाठ दिसल्यावर ६० दिवसांत उत्तर मिळण्याची सोय हवी, मग धुक्यातला बगळा शोधण्याची.

रिपोर्ट हातात आला तर काय विचारायचं?

माझा गट कोणता, 'सी' की 'डी', हे आधी विचारा. दोन्ही 'दाट'च असले तरी त्यांत फरक आहे. माझं वय, घरातला इतिहास, आधीची बायोप्सी, वजन हे सगळं धरून एकूण धोका किती, हे विचारा. तो जास्त असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआयचा उपयोग आहे का आणि तो खर्च करण्याजोगा आहे का, हेही संकोच न करता विचारा. खर्चाबद्दल बोलायला लाजू नका, कारण अर्धवट सोडलेला उपचार सगळ्यात महाग पडतो.

आणि मॅमोग्राफी नॉर्मल असतानाही स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर "रिपोर्ट चांगला आहे, थांबून पाहू" हे उत्तर मान्य करू नका. हाताला लागलेल्या गाठीचा सोनोग्राफीने आणि गरज पडली तर बायोप्सीने निकाल लावून घ्या. दाट स्तनांत मॅमोग्राफी 'नॉर्मल' आली, तरी तेवढं पुरेसं नसतं.